नोंदणीच्या आधीची वही

पावसाळा लागला की कोल्हापूरचा फुटबॉल मैदानावरून उठतो आणि तालमीच्या माडीवर येऊन बसतो. गांधी मैदानात पाणी साचलेले असते, शाहू स्टेडियम मोकळे पडलेले असते, आणि पेठापेठांतल्या कट्ट्यांवर चहाबरोबर एकच विषय चघळला जातो: या वर्षी कोण राहणार, कोण जाणार, बाहेरून कोणाला आणायचे आणि त्याला किती द्यायचे. केएसएची, म्हणजे इथला फुटबॉल चालवणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, खेळाडू नोंदणी होईपर्यंत हा विषय संपत नाही. सामन्यांच्या दिवसांत चुका दुरुस्त करता येतात, बदली खेळाडू उतरवता येतो, डावपेच बदलता येतात; नोंदणीच्या आधी केलेली चूक मात्र संपूर्ण हंगाम अंगावर वागवावी लागते. म्हणून माझ्या मते आमच्या संघाचा सर्वांत महत्त्वाचा सामना याच चार महिन्यांत, एकही चेंडू न मारता खेळला जातो.

गेली अकरा वर्षे मी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा हिशेब लिहितो. नोकरी सहकारी बँकेत झाल्यामुळे निवृत्तीनंतर हे काम आपोआपच माझ्याकडे आले. तालमीचे नाव येथे लिहीत नाही, कारण गोष्ट घरातली आहे आणि ती जाहीरपणे मांडताना कोणाला कमीपणा यावा असे मला वाटत नाही. गेल्या रविवारी आमची पहिली बैठक झाली. ती तीन तास चालली, दोनदा आवाज चढले, आणि निर्णय एकही झाला नाही. त्या बैठकीत मला जे नीट सांगता आले नाही ते येथे सविस्तर मांडतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, खेळाडूंची नावे काढण्याआधी खर्चाचा आकडा ठरला पाहिजे, आणि तो आकडा कोणत्या क्रमाने खर्च करायचा हेही तेव्हाच ठरले पाहिजे.

गेल्या हंगामाचा हिशेब शंभर रुपयांच्या प्रमाणात मांडला तर तो असा दिसतो. आघाडीला खेळणाऱ्या परदेशी खेळाडूवर, म्हणजे त्याचे मानधन, विमानाचे तिकीट, खोलीचे भाडे आणि जेवण मिळून, ३८ रुपये गेले. परराज्यातून आणलेल्या बचावपटूवर १६ रुपये गेले. प्रशिक्षक, चेंडू, कीट आणि इतर साहित्याला १४, सरावाचा प्रवास, दवापाणी आणि किरकोळ खर्चाला ७, आणि अडीअडचणीसाठी ४ रुपये राहिले. उरलेल्या २१ रुपयांत आमच्या पेठेतली आणि आसपासची अठरा पोरे वर्षभर खेळली. दोन माणसांना ५४ आणि अठरा जणांना २१, हे प्रमाण मी वहीत मांडले तेव्हा मलाच पुन्हा एकदा बेरीज तपासून पाहावीशी वाटली. हा खर्च कोणी एका माणसाने उधळपट्टी म्हणून केलेला नाही. प्रत्येक आकडा बैठकीत सर्वांच्या संमतीने ठरलेला आहे. फक्त ते आकडे एकमेकांशेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते. बाहेरचा मोठा खेळाडू आधी ठरला, त्याची रक्कम आधी गेली, आणि मग जे उरले त्यात घरच्यांची बोळवण झाली.

तो परदेशी मुलगा चांगला होता, हे मी आवर्जून सांगतो. शिस्तीचा होता, सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, लहान पोरांना हेडर कसा मारायचा ते हाताला धरून शिकवायचा. तिसऱ्या सामन्यात धावताना त्याच्या मांडीचा स्नायू ताणला गेला आणि उरलेला हंगाम तो बाकावर बसून राहिला. यात त्याचा काही दोष नाही. दोष आमचा होता, कारण त्याला हातचा घालवायचा नाही या घाईत आम्ही तीन महिन्यांची उचल एकदम देऊन मोकळे झालो होतो. ऊसतोडीच्या टोळीला दिलेली उचल आणि मजूर न आल्यावर ती वसूल करताना होणारी फरपट ज्यांनी आपल्या भागात पाहिली आहे, त्यांना वेगळे समजवायला नको. पैसा गेला, माणूस खेळू शकत नाही, आणि त्याच्या जागी दुसरा आणायला गल्ल्यात काही नाही.

पण संघ खरा अडला तो त्याच्या दुखापतीने अडला असे मला वाटत नाही. दुखापतीच्या आधीचे दोन सामनेही आम्ही गोलशून्य बरोबरीत सोडवले होते. कारण त्याच्यापर्यंत चेंडूच पोहोचत नव्हता. चेंडू पोहोचवणारा आमचा डावा हाफ गेल्या नोंदणीत दुसऱ्या तालमीकडे गेला होता.

त्या मुलाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. तो आमच्या पेठेतला, वडील रिक्षा चालवतात. वयाच्या दहाव्या वर्षापासून तो आमच्या तालमीच्या चेंडूवर वाढला. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सरावाला मी तपोवन मैदानावर गेलो होतो. सराव संपल्यावर तो कडेला बसून उजव्या पायातला बूट काढत होता. तळव्याचा पुढचा भाग उघडला होता. त्याने तो आधी चिकटवला होता, मग चांभाराकडून जाड दोऱ्याने शिवून घेतला होता, आणि त्या शिवणीच्या दोन टाक्यांमधून चिखल आत जाऊन मोजा अंगठ्यापाशी लालसर झाला होता. मी विचारले, "अरे, तालमीतून बूट मिळाले नाहीत का?" तो म्हणाला, "आण्णा, कीट आली की देतो म्हणालेत." आवाजात तक्रार नव्हती. त्याच आठवड्यात आम्ही परदेशी खेळाडूच्या खोलीसाठी अनामत भरली होती. महिन्याभराने आमच्या या मुलाने दुसरीकडे सही केली. पेठेत त्याला खूप बोल लागले, निष्ठा विकली म्हणून त्याच्या घरासमोर पोरे ओरडून आली. मी त्या दिवशी घराबाहेर पडून त्यांना थांबवायला हवे होते. त्याला तिकडे मिळालेली रक्कम फार मोठी नव्हती. आमच्या शंभरातले तीन रुपये बाजूला ठेवले असते तर तो राहिला असता.

आता थोडे दूरचे उदाहरण देतो. ते देण्याचे कारण असे की, माझी मुलगी आणि जावई गेली काही वर्षे न्यू जर्सीत आहेत आणि जावईबापू तिथल्या न्यूयॉर्क जायंट्स या संघाचे कट्टर पाठीराखे आहेत. तो अमेरिकन फुटबॉल आपला नव्हे. हातात धरून पळण्याचा, अंगावर येणाऱ्याला भिडण्याचा खेळ आहे, आणि तो मला अजूनही पुरता कळत नाही. पण त्यांच्या हंगामाबाहेरच्या काळातला हिशेब मात्र मला पहिल्या दिवशीच कळला, कारण तो शुद्ध ताळेबंद आहे. तिथे १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर एकच मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४ साली ती २५ कोटी ५४ लाख डॉलर झाली. सगळ्या ३२ संघांना आकडा सारखाच. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याला त्या आकड्याच्या आतच हंगामासाठी ५३ खेळाडूंचा संघ बसवावा लागतो. त्यामुळे एकाला जास्त देणे याचा अर्थ दुसऱ्या कोणाला तरी कमी देणे किंवा सोडून देणे असा रोखठोक होतो, आणि तो अर्थ कोणाला लपवता येत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये जायंट्ससमोर दोन घरचे खेळाडू होते. एक डॅनियल जोन्स, क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचणारा आणि चेंडू फेकणारा. संघात सर्वांत महाग जागा हीच असते. दुसरा सेक्वॉन बार्कली, चेंडू घेऊन पळणारा, ज्याला त्यांनी २०१८ मध्ये नवोदितांच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतले होते. संघाने जोन्सला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा करार दिला. बार्कलीला लांबचा करार न देता, एका वर्षासाठी संघातच अडकवून ठेवणारी जी तरतूद तिथे आहे ती लावून १ कोटी १ लाख डॉलरवर ठेवले. पुढच्या वर्षी तो मोकळा झाला आणि शेजारच्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरवर गेला. त्या २०२४ च्या हंगामात तो साखळी सामन्यांत २००५ यार्ड धावला, आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी ईगल्सने अंतिम सामना ४०–२२ असा जिंकला. जायंट्सने सतरापैकी तीन सामने जिंकले, आणि जोन्सला त्यांनी नोव्हेंबरमध्ये, हंगाम चालू असतानाच, मोकळे केले. जावईबापू फोनवर त्या दिवशी फार बोलले नाहीत. मला मात्र आमचा डावा हाफ आठवत राहिला.

या उदाहरणावरून आमच्या तालमीतला एक तरुण कार्यकर्ता मला लगेच म्हणाला, "बघा आण्णा, ईगल्सनेसुद्धा बाहेरचा मोठा गडी आणला आणि जिंकले. मग आपण का आणायचा नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला मी बैठकीत नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून येथे देतो. ईगल्सने बार्कलीला आणले तेव्हा त्याच्यापुढे उभी राहून वाट मोकळी करून देणारी फळी त्यांच्याकडे आधीपासून तयार होती, आणि ती त्या लीगमधल्या सर्वोत्तम फळ्यांपैकी एक मानली जात होती. हाच बार्कली जायंट्समध्ये असताना, कमकुवत फळीमागे, एवढा धावला नव्हता. म्हणजे पैसा मोठ्या खेळाडूवर लावणे हे मुळात चुकीचे नाही. ज्याच्यामुळे त्या खेळाडूचा उपयोग होणार आहे ती माणसे आधी जागेवर असली पाहिजेत. आमच्याकडे नेमका उलटा क्रम झाला. आघाडीचा गडी आधी आला, आणि त्याला चेंडू देणारा गेला.

उचलीच्या बाबतीत तिकडचे एक उदाहरण तर आमच्या वहीत चिकटवून ठेवावे असे आहे. तिथे करार करताना खेळाडूला जी मोठी रक्कम आधी दिली जाते, ती हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येते. पैसे आज गेले, पण मर्यादेतून ते दरवर्षी थोडे थोडे वजा होतात. कागदावर हे फार सोयीचे दिसते. पण खेळाडू मुदतीआधी गेला, तर न वजा झालेली सगळी बाकी संघाच्या डोक्यावर येऊन पडते, आणि संघात नसलेल्या माणसाच्या नावाने मर्यादेतला हिस्सा अडकून राहतो. बँकेच्या भाषेत ही बुडीत रक्कम. डेन्व्हरच्या संघाने २०२२ मध्ये रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला पाच वर्षांचा, सुमारे २४ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला, आणि त्या वाढीव करारातले पहिले वर्ष सुरू होण्याच्या आधीच, २०२४ च्या मार्चमध्ये, त्याला सोडून दिले. सुमारे ८ कोटी ५० लाख डॉलरची बुडीत रक्कम त्यांना दोन वर्षांत विभागून सोसावी लागली. एवढा भार डोक्यावर असतानाही तो संघ त्याच हंगामात बाद फेरीपर्यंत पोहोचला, कारण क्वार्टरबॅकच्या जागी त्यांनी बो निक्स या नवोदिताला घेतले होते आणि नवोदितांचे करार चार वर्षे बांधलेले, कमी रकमेचे असतात. मोठी चूक त्यांना घरच्या नव्या पोराने निभावून नेली.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण तिचा अर्थ भलताच काढला जाऊ शकतो. घरचे पोर स्वस्तात खेळते म्हणून त्याला स्वस्तातच खेळवत राहायचे, असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेतल्या त्या व्यवस्थेत वरच्या मर्यादेबरोबर खालचीही मर्यादा आहे: काही वर्षांच्या हिशेबात प्रत्येक संघाने ठरलेल्या मर्यादेच्या किमान ९० टक्के रक्कम खेळाडूंवर खर्च केलीच पाहिजे, आणि सगळ्या लीगच्या उत्पन्नात खेळाडूंचा किमान ४८ टक्के वाटा कराराने बांधलेला आहे. आम्हांलाही अशी खालची रेघ हवी. बूट, सरावानंतरचे दूध-अंडी, दुखापतीचा खर्च आणि प्रत्येक सामन्याचे ठरलेले मानधन हे अठराच्या अठरा पोरांना मिळाल्याशिवाय बाहेरच्या कोणाशी बोलणीच सुरू करायची नाहीत. गुडघ्याचा सांधा गेलेली, पंचविशीतच खेळ सुटलेली आणि पुढे तालमीने विचारपूसही न केलेली पोरे प्रत्येक पेठेत आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या नावासमोर माझ्याच वहीत शून्य लिहिलेले आहे.

बैठकीत दोन टोके होती. आमचे नाना, ज्यांनी स्वतः पन्नास वर्षांपूर्वी अनवाणी सराव केला, त्यांचे मत असे की तालमीच्या नावासाठी खेळायचे, पैशाची भाषाच नको. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे, पण या मताशी मी सहमत नाही. ज्या काळात पेठेतली सगळी पोरे पेठेतच नोकरीधंदा करत होती तो काळ वेगळा होता. आज मुलगा सरावासाठी कंपनीतली पाळी सोडून येतो, तेव्हा त्या दिवसाची मजुरी त्याच्या घरातून जाते. पैशाची भाषा नको असे म्हणताना तो पैसा कोणाच्या खिशातून जातो हे पाहिले पाहिजे. दुसरे टोक तरुणांचे: समोरच्या तालमी परदेशी खेळाडू आणणार, आपण हात आखडला तर स्टेडियमवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे भय मला समजते. भरलेल्या शाहू स्टेडियममध्ये आपल्या बाजूची गॅलरी गप्प होते तेव्हा काय वाटते हे मीही भोगले आहे. पण गेल्या वर्षी ५४ रुपये बाहेर घालवूनही ती गॅलरी गप्पच राहिली, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

गोलरक्षकाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. तो तेहतीस वर्षांचा आहे, दोन टायब्रेकर त्याने एकट्याने जिंकून दिले आहेत, आणि त्याला आता दुसरीकडून विचारणा आहे. त्याचा उजवा खांदा पूर्वीसारखा उचलला जात नाही, हे तोही जाणतो. अमेरिकेतला संघचालक असता तर त्याने हिशेब पाहून एका ओळीत त्याला सोडले असते. मी तसे सुचवणार नाही. आमच्या ज्युनिअर संघातला गोलरक्षक सतरा वर्षांचा आहे, हात चांगले आहेत, पण कॉर्नरला बाहेर यावे की रेषेवर थांबावे याचा अंदाज त्याला अजून येत नाही. आणि तो अंदाज शिकवणारा माणूस आमच्याकडे हाच एक आहे. एका वर्षासाठी त्याला ठेवावे, साखळीतले सोपे सामने लहान्याला द्यावेत, आणि पुढच्या वर्षी त्याला सहायक प्रशिक्षक म्हणून मानधन द्यावे. ही भावनेची बाब आहे असे कोणी म्हणेल, पण हा माझ्या मते सरळ गुंतवणुकीचा निर्णय आहे.

आता मूळ प्रश्न: मर्यादेचा आकडा ठरवायचा कशावरून? तिकडे तो लीगच्या उत्पन्नावरून ठरतो. २०२० मध्ये करोनामुळे मैदाने रिकामी राहिली तेव्हा पुढच्या वर्षीची मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाख डॉलरवर उतरली, आणि सगळ्यांनी ती निमूटपणे पाळली. आमचे उत्पन्न म्हणजे पेठेतले व्यापारी, एखादा सराफ, एखादा बिल्डर, निवडणुकीच्या तोंडावर उदार होणारी मंडळी, आणि स्पर्धेतले बक्षीस. यातले काहीही निश्चित नाही. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या दुकानांत पाणी शिरले, त्यांच्याकडे त्या वर्षी वर्गणी मागायला जाताना माझे पाय उचलत नव्हते. २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. शिवाय नोंदणीच्या आधी गणेशोत्सव येतो, आणि एकच दाता गणपतीलाही देतो आणि फुटबॉललाही. तरीही आम्ही दरवर्षी आश्वासनांच्या बेरजेवर खेळाडू ठरवतो. कोणी "बघू, देऊ" म्हटले की ते आकड्यात धरले जाते. मी यापुढे ते धरणार नाही. गेल्या तीन हंगामांत प्रत्यक्ष हातात आलेल्या रकमेची सरासरी काढायची, तिच्यातून दहा टक्के कठीण वर्षासाठी बाजूला काढायचे, आणि उरेल ती आमची मर्यादा.

केवळ मर्यादा घातली की सगळे सुरळीत होते, असा भाबडेपणा माझ्याकडे नाही. आपल्या इंडियन सुपर लीगमध्येही क्लबांना वेतनमर्यादा आहे; ती काही वर्षे १६ कोटी ५० लाख रुपये होती, नंतर १८ कोटी झाली. मर्यादा असूनही लीगच्या हक्कांचा करार संपत आला तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, संपूर्ण हंगामच अधांतरी लटकला, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवकडे पाहून आमच्या पेठेतली जी पोरे पहाटे उठून धावायला लागली, त्यांना त्या पावसाळ्यात वर्तमानपत्र दाखवताना मला वाईट वाटत होते. खर्चाला कुंपण घातले तरी उत्पन्नाची विहीर आटली तर कुंपणाचा उपयोग नाही. बार्सिलोनाचेही तसेच झाले. ५ ऑगस्ट २०२१ रोजी मेस्सी क्लबमध्ये राहणार नाही हे जाहीर झाले तेव्हा, अर्जेंटिनाचे झेंडे मिरवणाऱ्या आमच्या गल्लीत सुतकासारखी शांतता होती. राहण्याची त्याचीही इच्छा होती; पण स्पेनच्या लीगने क्लबच्या उत्पन्नावरून घातलेल्या मर्यादेत त्याचा पगार बसवण्याइतकी जागाच आधीच्या काही वर्षांतल्या खर्चाने शिल्लक ठेवली नव्हती. जगातला सर्वांत मोठा खेळाडू ज्या हिशेबात बसला नाही, तो हिशेब एका दिवसात बिघडलेला नव्हता.

एकट्या तालमीने मर्यादा पाळणे अवघड आहे, हे मला मान्य आहे. अमेरिकेत ती चालते, कारण ती सगळ्यांना बांधते आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात. आपल्याकडे बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर बंधन असते, त्यांच्यावरच्या खर्चावर नसते. सगळ्या तालमींच्या जाणत्या मंडळींनी एकत्र बसून निदान उचलीवर तरी बंधन घालून घेतले, तर माझ्या मते पहिल्याच वर्षी अर्धे प्रश्न सुटतील, कारण पळवापळवी उचलीच्याच जोरावर होते. पण ते होईपर्यंत आपण थांबायचे कारण नाही.

माझा प्रस्ताव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे, आणि तो बैठकीत वाचून दाखवणार आहे. शंभरातले ४० रुपये घरच्या अठरा पोरांचे, आणि ते आधी बाजूला काढायचे; गोलरक्षकाचे वर्षाचे मानधन त्यातच धरलेले आहे. प्रशिक्षक, साहित्य, प्रवास आणि दवापाण्याचे २४, म्हणजे आतापेक्षा तीन जास्त, कारण दुखापतीचा खर्च आता तालीम करणार. अडीअडचणीचे ६. उरलेल्या ३० रुपयांत बाहेरचा एकच खेळाडू आणायचा, आणि तो कोणत्या जागेचा हे प्रशिक्षकांनी ठरवायचे, दात्यांनी ठरवायचे नाही. परराज्यातल्या बचावपटूला या वर्षी मोकळे करावे लागेल. तो मनापासून खेळला, आणि त्याला ही गोष्ट फोनवर न सांगता समोर बसवून सांगितली पाहिजे. ते काम मी करीन. उचल एका महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त कोणालाही द्यायची नाही, समोरून कोणीही कितीही घाई केली तरी. या पानावर एकाही खेळाडूचे नाव नाही. नावे दुसऱ्या पानावर येतील, आणि पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या झाल्यावरच ते पान उघडायचे, असे मी ठरवले आहे.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता बैठक आहे. काल रात्री मी डाव्या हाफच्या घरी जाऊन आलो. त्याचे वडील नुकतीच रिक्षा लावून जेवायला बसत होते, त्यांनी ताट बाजूला सारून मला खुर्ची दिली. गेल्या वर्षी जे झाले त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने विचारले, "आण्णा, वही बैठकीत सगळ्यांपुढे वाचणार का?" मी हो म्हणालो. रविवारी बैठकीला येतो, असे त्याने सांगितले आहे.